बंदर बंद होतं त्या पावसाळ्यात

किनाऱ्यावर होड्या वर ओढून त्यांच्यावर माडाची झापं शाकारायला सुरुवात झाली की माझे पाय दुखू लागतात. डॉक्टर म्हणतात, वय झालं, हवा दमट, संधिवात आहे. असेल. मी जन्मभर इस्पितळात नर्स होते, त्यामुळे डॉक्टरांच्या बोलण्यावर मान डोलवायची सवय अंगवळणी पडली आहे. पण दुखतं ते गुडघ्यात नाही. तळव्यात दुखतं, टाचेत दुखतं, नाचताना पाय आपटतो नेमका तिथं. होड्या पुन्हा पाण्यात ढकलल्या की ते दुखणं आपोआप जातं. असला संधिवात मला कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही.

हल्ली झापांऐवजी निळं प्लास्टिक घालतात. रस्ते झाले, खाड्यांवर पूल झाले. पावसाळ्यात माणूस गावात अडकून पडायचा असं नातवंडांना सांगितलं तर ती माझ्याकडे संशयानं बघतात. पण एकोणीसशे तीसच्या पुढेमागे, मी पोर होते तेव्हा, ‘बंदर बंद’ हे दोन शब्द ऐकले की मोठ्या माणसांचे चेहरे उतरायचे. ज्येष्ठात मुंबईची शेवटची आगबोट खाडीच्या तोंडाशी उभी राहायची, पडावातून माणसं तिच्यावर चढायची, ती भोंगा द्यायची आणि मग थेट नारळी पौर्णिमेपर्यंत आम्ही जगातून वजा. चिखलातून, नद्या ओलांडत बैलगाडीनं धरमतरपर्यंत जाता यायचं म्हणे. ‘म्हणे’ एवढ्यासाठी की गाडी खोतांची, बैल खोतांचे, आणि ती कुणाला द्यायची ते खोतांच्या मनावर.

आमचं गाव आगरदांड्याच्या पुढं, खाडी आत वळते तिथं. खोतांची नारळी-पोफळीची वाडी रस्त्यापासून खाडीपर्यंत उतरत गेलेली, आणि तिच्या अगदी शेवटी आमचं घर. दोन खोल्या, एक पडवी आणि एक लांबट माजघर. ते लांबट होतं ते नाचासाठीच. वाडीला बांबूची कवाडी होती. तिला कुलूप नव्हतं, कडीसुद्धा नव्हती, सुतळीचा नुसता एक फास होता. पण खोतांना विचारल्याशिवाय आई त्या कवाडीबाहेर पाऊल टाकत नसे. मला लहानपणी वाटायचं, आईला बाहेर जायला आवडत नाही.

आई नाचणारी होती. हे आज मी सरळ लिहिते आहे. सासरी, शेजारी, इस्पितळात मी कायम ‘आईला गाण्याची आवड होती’ एवढ्यावर भागवलं. तिची आईही याच घरात नाचली होती, आणि खोतांच्या वडिलांनी तिच्या पायात चाळ बांधले होते. आमच्यात तशी रीत होती. मुलगी शिकून तयार होईपर्यंत मोकळ्या पायांनी नाचायची, घुंगराचा एक मणीसुद्धा पायाला लावायचा नाही. तयार झाली की यजमानांच्या बैठकीत, चार पाहुण्यांसमोर तिचा पहिला नाच. तो पसंत पडला की यजमान ताटातले चाळ उचलून देणार आणि तिथंच ते तिच्या पायात बांधले जाणार. एकदा बांधले की मुलगी त्या घरची झाली. तिचं लग्न नाही, तिला दुसरं गाव नाही, परत फिरणं नाही. त्या वर्षी बंदर उघडलं की माझे चाळ बांधायचे असं खोतांनी ठरवून टाकलं होतं.

आणि मला ते हवे होते! ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण ऐकणारा लगेच हळहळायला लागतो. चाळांचं पितळ पावसाळ्यात हिरवं पडू नये म्हणून आई ते डब्यात, भाताच्या कोंड्यात पुरून ठेवायची. मी गुपचूप कोंड्यात हात घालायची आणि एकेक घुंगरू बोटांनी चाचपायची. मला नाचाचं वेड होतं. दुसरं कसलंच नव्हतं. गावातल्या शाळेत चौथीपर्यंत जाऊन आले होते, पण तिथल्या पोरी माझ्याशेजारी बसत नसत, म्हणून शाळा सुटल्याचंही दुःख नव्हतं. आई मला कोंड्यात हात घातलेला बघायची आणि काही बोलायची नाही.

मला शिकवायला खोतांनी थेट काशीकडचे कथकाचे गुरू आणले होते. आम्ही त्यांना महाराज म्हणायचो. साठीकडे झुकलेले, सडपातळ, कानात बाळी, आणि बोलणं चालू असलं तरी पायाचा अंगठा जमिनीवर ताल धरून असायचा. माघात आले ते दोनेक महिन्यांसाठी. त्यांचं मन मुंबईला लागलं होतं, तिथं म्हणे शिकवण्या त्यांची वाट बघत होत्या. पण खोत रोज म्हणायचे, “आणखी आठ दिवस थांबा महाराज, पोर जरा तयार होऊ दे.” असं करत करत चैत्र गेला, वैशाख गेला, आणि एक दिवस शेवटची आगबोटही गेली. महाराज तबल्याचं बोचकं घेऊन खाडीवर उभे होते. पडाव त्यांना न घेताच निघाला, कारण खोतांचा निरोप नव्हता. आगबोटीचा धूर दिसेनासा झाल्यावर ते परत आले, बोचकं खाली ठेवलं आणि मला म्हणाले, “चलो वेनू बिटिया. अब हम भी तुम्हारे गाँव के नारियल हो गए. गाड़ दिए गए.”

मी हसले. आई हसली नाही.

खोत, म्हणजे आबासाहेब, वाईट माणूस असते तर सगळं किती सोपं झालं असतं! पण ते वाईट नव्हते. आमच्या घरावर दर वर्षी नवी कौलं पडायची. मला ताप आला तर वैद्य यायचा. गणपतीला आईला लुगडं, मला परकर. आले की पडवीत ऐसपैस बसायचे, मला हाक मारून सुपारीचं खांड द्यायचे, मोठ्यानं हसायचे. गाण्यातलं त्यांना फार कळत नसे, पण समेला मान हलवायची तेवढं बरोबर जमायचं. आमच्यावर त्यांची माया होती. आपल्या आगरातल्या माडावर असते तशी. माडाला पाणी घालायचं, खत घालायचं, आणि माड कुठं जातो!

त्या पावसाळ्याची पहिली आठवण वासाची आहे. शेणानं सारवलेली जमीन आषाढात वाळतच नाही, त्यावर पाय आपटले तर खड्डे पडतात. म्हणून खोतांनी एका फुटलेल्या मचव्याच्या फळ्या आणून माजघरात ठोकून घेतल्या होत्या. त्या फळ्यांना माशाच्या तेलाचा, डांबराचा आणि मिठाचा वास होता. नाचून नाचून घाम आला की तो माझ्या अंगालाही यायचा. सुकट घेऊन येणारी पारू कोळीण दारात टोपली उतरवून नाक वर करायची आणि म्हणायची, “आता कशी आमच्यातली वाटतंस!”

दुसरी आठवण शेगडीची. दमट हवेनं तबल्याची पुडी सैल पडायची, आवाज बसायचा. मग सकाळी तालमीच्या आधी महाराज शेगडीसमोर उकिडवे बसून तबला निखाऱ्यांवर धरायचे, हळूहळू फिरवायचे, मधेच एक टिचकी मारून कान लावायचे. आई त्याच शेगडीच्या दुसऱ्या बाजूला माझा ओला परकर धरून उभी असायची. एक तबला वाळतोय, एक परकर वाळतोय, बाहेर पोफळींवर पाऊस कोसळतोय. आमच्या पेटीचा एक स्वर ओल लागून मुका झाला होता. आई त्याला वळसा घालून वाजवायची, आणि ऐकणाऱ्याला तिथं काही नाही हे कळायचंसुद्धा नाही.

पेटीवर ती नगमा धरायची. कथकात नाचणाऱ्याला आधार म्हणून एक छोटीशी सुरांची ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहतात, तो नगमा. ओळ तालाएवढीच लांब. जिथून निघते तिथंच परत येते, आणि जिथं परत येते ती सम. नाचणाऱ्याचा पाय, तबल्याची थाप आणि नगम्याची ओळ, तिघांनी समेवर एकाच क्षणी पोचायचं, बाकी मधे काय वाटेल ती मजा करा. माझी मजा चालायची, महाराजांची चालायची. आईची ती एकच ओळ. सकाळभर, दुपारभर, श्रावण येईपर्यंत तीच. कधी कधी मला ती ओळ झोपेतही ऐकू यायची आणि जीव गुदमरायचा. वाटायचं, ही कधी तरी दुसरीकडे का जात नाही?

पण आईची लय! एकदा ओळ वाजवता वाजवता चुलीवरचं दूध वर आलं. ती उठली, आत गेली, दूध उतरवलं, फडक्याला हात पुसले, परत आली आणि पेटीवर बोट ठेवलं ते नेमक्या स्वरावर, जणू उठलीच नव्हती. महाराजांनी तबला थांबवला आणि तिला नमस्कार केला. काशीचा बुजुर्ग माणूस, खोताच्या वाडीतल्या बाईला नमस्कार करतोय! आई इतकी लाजली की तिला पदर कुठं धरावा कळेना. “बाई, आप तो सोते में भी सम न छोड़ें,” ते म्हणाले.

महाराजांना मुंबईबद्दल बोलायला फार आवडायचं. अडकलेला माणूस बोलूनच प्रवास करतो. एका दुपारी तालीम संपल्यावर सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, “बंबई में अब हवा बदल गई है. शरीफ घरों की लड़कियाँ सीखती हैं. वकीलों की, डॉक्टरों की. शाम को मोटर में आती हैं, सीखकर घर चली जाती हैं.”

आई पेटी पुसत होती. तिचा हात थांबला. “घरी जातात?”

“हाँ, और कहाँ जाएँगी?”

“नाचतात, आणि घरी जातात? चाळ बांधून?”

“घुँघरू बाँधती हैं, खोलती हैं, थैली में डालती हैं और चली जाती हैं.”

“आणि लग्न होतं त्यांचं?”

महाराज हसायला लागले. “अरे बाई, धूमधाम से होती है शादी. लड़केवाले तो उलटा खुश होते हैं.”

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी फळीवर बसून पायाची बोटं मोडत होते. “हिला शिकवाल तिथं?” तिनं विचारलं. महाराजांचं हसू मावळलं. ते म्हणाले, “इधर बँध गए तो नहीं. फिर कौन शरीफ आदमी इसे अपनी बेटी के बगल में खड़ी करेगा?”

आजही मला त्या दुपारचं आश्चर्य वाटतं. तेच बोल, तेच पाय, तीच सम. एका दारातून गेलं तर कला, दुसऱ्या दारातून गेलं तर जन्मठेप. आणि दार कुठलं ते तुम्ही कुठं जन्मलात त्यावर. मला याचा अजूनही संताप येतो. नातीला नाचाच्या वर्गाला सोडायला जाते तेव्हा तिथं रांगेत उभ्या असलेल्या गाड्या बघूनही येतो, आणि मग त्या लेकरांचा काय दोष म्हणून मी गप्प बसते.

दोन दिवसांनी खोत आले तेव्हा आईनं विषय काढला. मी दारामागे होते. एरवी ती त्यांच्याशी बोलताना खाली बघायची, त्या दिवशी सरळ बघत होती. म्हणाली, “वेणूला मुंबईस धाडू या का? माझी मावसबहीण बायकांच्या इस्पितळात आहे, तिच्याकडं राहील. महाराज शिकवतील.”

खोतांना खरंच गंमत वाटली. ते पोट धरून हसले. “अगं, कलम लावायचं आपण आणि आंबा खायचा मुंबईनं? काहीतरीच तुझं!” मग जरा मऊपणानं म्हणाले, “इथं काय कमी आहे तिला? मी आहे ना.”

“व्हय,” आई म्हणाली. “तुम्ही आहात.”

त्या दिवसापासून तिनं मला जे दामटवलं ते विचारू नका. महाराज दमायचे, ती दमायची नाही. “पुन्हा घे.” “हा तुकडा त्यांच्याकडून काढून घे, माणूस पुन्हा भेटायचा नाही.” “टाच ऐकू येत नाही, पुन्हा घे.” महाराज आपल्या घराण्यातल्या दोन जुन्या बंदिशी कुणाला देत नसत, त्यासुद्धा तिनं गोड बोलून, त्यांना भाकरीबरोबर सुके बोंबील भाजून घालून माझ्यासाठी काढून घेतल्या. महाराज ब्राह्मण. खिडकी लावून खायचे. मला वाटत होतं, ही सगळी चाळांची तयारी.

पारू एकदा टोपली उतरवून बराच वेळ बघत बसली होती. मी घामाघूम होऊन थांबले तर म्हणाली, “बाय, नाचतंस तर झ्याक. पन ह्या फल्यांवरशी खाली कवा उतरनार तू?”

“कशाला उतरू?” मी म्हणाले.

पारू आईकडे बघून म्हणाली, “पोरीला काय बी ठावं न्हाय गो, गंगूबाय.” आई म्हणाली, “नाही ठाऊक तेच बरं हाय.” आणि पेटी पुढं ओढली.

नारळी पौर्णिमा झाली. कोळ्यांनी दर्याला नारळ दिला, होड्यांवरची झापं निघाली, वाडीतून दिसायचं तेवढं पाणी निळं झालं. पहिली आगबोट येणार म्हणून महाराजांनी बोचकं बांधून ठेवलं. खोतांनी मुरूडहून पाहुणे बोलावले. एक वकील, एक सागवानाचे व्यापारी, आणि त्यांचे एक-दोन स्नेही. भरतीबरोबर त्यांना परत निघायचं होतं म्हणून बैठक दुपारीच ठेवली.

खोतांच्या दिवाणखान्यात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. झुंबर, गालिचा, अत्तरदाणी. कोपऱ्यात चौरंगावर ताट, ताटात रेशमी कापडाखाली चाळ. वर हळदकुंकू वाहिलेलं. महाराज तबल्यावर, आई पेटीवर. तिनं मला काजळ लावलं तेव्हा तिचा हात बर्फासारखा गार होता. मी म्हटलं, “भ्यालीस काय गो?” ती म्हणाली, “तू भिऊ नको. तू नीट नाच.”

मी नीटच नाचले. सुरुवात झाली आणि मला झुंबर दिसेना, पाहुणे दिसेनात. मागच्या सगळ्या पावसात फळ्यांवर घासलेलं एकेक पाऊल आपणहून उतरत होतं. खोत मान हलवत होते, समेला बरोबर. वकील “वाहवा” म्हणाले, मग सगळेच म्हणाले, चांगला गलका झाला. तो ओसरता ओसरता मी शेवटची तिहाई उचलली. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्याचं शेवटचं पाऊल समेवर. कानात आईचा नगमा होता, त्यावर मी निघाले. एकदा, दोनदा, तीनदा, शेवटचं पाऊल टाकलं आणि हात उचलून उभी राहिले.

तबल्याची थाप पडलीच नाही. मी पुतळ्यासारखी उभी, सगळे बघताहेत, आणि मग, मी थांबल्यावर, ती पडली. एकटीच. खोतांची मान थापेबरोबर हलली आणि मधेच थांबली. व्यापारी रुमालात खोकले.

“पुन्हा घे,” खोत म्हणाले. मी पुन्हा घेतली. पुन्हा तसंच. पाय आधी, थाप नंतर. तिसऱ्यांदा माझा पाय उचलेना. डोळ्यांतलं काजळ गालांवर आलं.

खोतांचा चेहरा लाल झाला होता. “महाराज, चुकतंय कोण? पेटी की पोरगी?”

महाराज बोलायच्या आत आई बोलली. मोठ्यानं, स्वच्छ आवाजात. “पोरगी चुकते, आबासाहेब.”

सगळ्यांनी महाराजांकडे पाहिलं. त्यांनी तबल्यावर हात ठेवला. बराच वेळ ते त्या पुडीकडेच बघत होते. मग म्हणाले, “लड़की में लय नहीं है, सरकार. मुझे पहले ही कहना चाहिए था.”

“अख्खा पावसाळा घालवलात आणि आज सांगताय!” खोत म्हणाले. मग गड्याला म्हणाले, “ते ताट आत ठेव.” आईनं पेटीला हात जोडले आणि झाकण लावलं. त्यानंतर मी तिला पेटी उघडताना कधी पाहिलं नाही.

घरी येऊन मी फळ्यांवर पालथी पडून रडले. आईनं जवळ घेतलं नाही. “रडून लय येत नाही,” ती म्हणाली. “ऊठ, तोंड धू.” तेव्हापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. चार भिंतींत दोन माणसं न बोलता राहिली तर घर किती लहान होतं ते मला त्या दिवसांत समजलं. खोत चार दिवस फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी आले तेव्हा आई म्हणाली, “हिला इथं ठेवून काय करू? नुसती बसून राहील. मावसबहिणीकडं धाडते, बायकांची बाळंतपणं तरी करील.” खोत वैतागून म्हणाले, “धाड. महाराज चाललेच आहेत, जाऊ दे त्यांच्याबरोबर.” एवढ्या सहज! जे हात जोडून मिळालं नव्हतं ते एका हाताच्या झटक्यानं मिळालं, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. मला वाटलं, आईनंही मला टाकलं.

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगण्यासारखंच आहे. मावशीनं मला शाळेत घातलं, मग मी नर्स झाले. जिला लय नाही असं भर बैठकीत ठरलं तिनं जन्मभर लोकांच्या नाड्या मोजल्या. इस्पितळातच माझं लग्न जमलं, मुलं झाली. आई त्याच घरात राहिली आणि त्याच घरात गेली. मी जायची तेव्हा ती मला पडवीत बसवायची, माजघरात नेत नसे. माझ्या मुलांना आलटून पालटून मांडीवर घ्यायची, त्यांच्या पावलांना तेल चोळायची. मी एकदाच तो विषय काढला. तर म्हणाली, “तुला कुठं लय होती!” आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. इतकी हसली की तिला ठसका लागला.

गाव सोडून मुंबईला निघायच्या त्या सकाळी आईनं माझी वेणी इतकी घट्ट घातली की डोळे ताणले गेले. कवाडीपर्यंत आली. सुतळीचा फास तिनंच काढला. “तिकडं कुणापुढं नाचू नको,” म्हणाली. “कुणी विचारलं तर येत नाही म्हण.”

“येतच नाही मला,” मी म्हणाले. इतक्या दिवसांत तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

“हां,” ती म्हणाली. “तसंच म्हण.” आणि मी बाहेर पडल्यावर तिनं फास परत अडकवला.

पारूचा नवरा हिरू याच्या पडावातून आम्ही आगबोटीकडे निघालो. खाडी शांत होती, ओहोटीचं पाणी आम्हांला आपणहून बाहेर नेत होतं. महाराज इतक्या महिन्यांनी सुटले होते, पण त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता. मी त्यांच्याकडे पाठ करून बसले होते. थोड्या वेळानं ते म्हणाले, “बंबई में मेरे यहाँ आया करना. जितना बाकी है, सिखा दूँगा.”

“मला लय नाही,” मी म्हणाले. “तुम्हीच सांगितलंत. आईनंही सांगितलं.”

आणि मी वळून पाहिलं. म्हाताऱ्या माणसाचे डोळे भरले होते. “तू नगमे पर नाची, वेनू,” ते म्हणाले. “बिल्कुल सही नाची. नगमा ही अपनी जगह पर नहीं था.”

मला कळेना.

“मेहमान वाह-वाह कर रहे थे, उस शोर में तेरी माँ ने नगमा एक मात्रा पहले सरका दिया. दोबारा नाची, तब भी सरका हुआ ही रखा. मैं भी तबले का एक ठोका खा जाता तो सब बराबर हो जाता, खोत को पता भी न चलता. मैंने नहीं खाया.”

“तुम्ही दोघांनी ठरवलं होतं?”

“पूछती तो मैं मना कर देता. ऐसा पाप कोई पूछकर करता है? नगमा सरका, मैंने उसकी तरफ देखा, उसने मेरी तरफ देखा. बस.”

मी उठून उभी राहिले. पडाव हलला. मला आईचा राग आला, आणि त्याच क्षणी तिच्याबद्दल माया दाटून आली. मला परत जायचं होतं. तिच्या गळ्यात पडायचं होतं. मला कळलंय एवढं फक्त तिला सांगायचं होतं. “पडाव फिरवा,” मी हिरूला म्हणाले. “मला घरी सोडा.”

हिरूनं सुकाणू सोडलं नाही. “बस गो बाय खाली,” तो म्हणाला. “कलंडंल.”

महाराजांनी माझं मनगट धरलं. जोरात धरलं. “जा,” ते म्हणाले. “हिरू छोड़ आएगा. पर तुझे देखते ही खोत फिर पेटी मँगवाएगा, फिर नचाएगा. और सुन, तेरी माँ से एक बार हो गया. दूसरी बार उससे नहीं होगा.”

वाडीतल्या पोफळींचे शेंडे अजून दिसत होते. त्यांच्याखाली कुठंतरी आमचं घर होतं, आणि घरात आई होती, आणि ती तिथंच राहणार होती. मी खाली बसले.